डावा खांदा

"बाई, सुरू कधी करणार?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही. "सुरू केलंय की आबा, मघाशीच," म्हणाल्या.

आता यावर माणसानं काय बोलावं? जमिनीवर एक जाड गादी. गादीवर उताणी पडलेली माझी तीन महिन्यांची नात. तिच्या डोक्याशी मांडी घालून बसलेल्या या बाई, माझ्या सुनेपेक्षा थोड्याच मोठ्या असतील, आणि त्यांची बोटं पोरीच्या मानेखाली. बोटं हलत नव्हती, दाबत नव्हती, चोळत नव्हती. अंड्याखाली हात ठेवावा तशी नुसती ठेवली होती. वडगावहून एसटीत उभा राहून कोल्हापूर गाठलं, ते हे बघायला!

मी बसलो होतो एका प्लास्टिकच्या खुर्चीवर. खुर्ची माझ्या मापाची नव्हती आणि तो दवाखानाही माझ्या मापाचा नव्हता. भिंतीवर ससे, हत्ती, फुगे. माझा पाय आपोआप हलायला लागला. मग मी बोटं मोडली. कट, कट, कट. सूनबाईनं, प्राजक्तानं, माझ्याकडं नुसतं बघितलं. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

माझे हात म्हणजे काय चीज आहेत हे त्या बाईंना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मला असा खुर्चीवर बसवलाच नसता. मी हिंदुराव चौगले, वडगावच्या जुन्या तालमीचा वस्ताद. उभी हयात मातीत गेली. कुणाचा खांदा निखळला, कुणाचा घोटा मुरगळला, कुणाला उसण भरली, की माणूस तालमीत आणायचे. मी तेल लावायचो, गप्पांत गुंतवायचो आणि त्याचं लक्ष नसताना एक हिसका द्यायचो. माणूस बोंबलायचा, शिव्या घालायचा आणि चालत घरी जायचा. आष्ट्यापासून हातकणंगल्यापर्यंत लोक माझ्या हाताचं नाव घ्यायचे. आणि माझ्याच घरात पोरीची मान वाकडी.

ते कळलं बारशाच्या फोटोंवरून. फोटो आले, सगळे कौतुकानं बघत बसले. एका फोटोत पोरगी आत्याच्या मांडीवर, उजवीकडं बघतेय. दुसऱ्यात पाळण्यात, उजवीकडंच बघतेय. तिसऱ्यात मामानं उचललीय, तरी तोंड उजवीकडं आणि डोकं डाव्या खांद्याकडं कललेलं. आधी सगळे हसले, म्हणाले बापाला शोधतेय. प्राजक्ता हसली नाही. तिनं सगळे फोटो परत पहिल्यापासून बघितले. मग आंघोळ घालताना तिनं पोरीचं तोंड हळूच डावीकडं वळवून बघितलं, तर पोरीनं असा टाहो फोडला की शेजारच्या घरातनं माणसं आली.

वडगावच्या बाळांच्या डॉक्टरनं तपासण्या केल्या. हाडं ठीक आहेत म्हणाला, मानेच्या डाव्या अंगाचा स्नायू आखडलाय. त्यानंच या कोल्हापूरच्या केळुसकर डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. लहान बाळांवर नुसत्या हातानं उपचार करतात, औषध नाही, सुई नाही. त्यांच्या शास्त्राचं नाव ऑस्टि... पुढचं मला अजून नीट येत नाही. म्हटलं, नुसत्या हातानंच करायचंय तर हात घरात आहेत की. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्यात आमचा मारुती पोवार. माझा जोडीदार, आयुष्यभर बरोबर खेळलो, एकमेकांच्या पाठी मातीला लावल्या. तालमीच्या कट्ट्यावर चार पोरांच्या देखत म्हणाला, "वस्ताद, गावाच्या माना सरळ करतोस आणि घरची वाकडी व्हय? दिव्याखाली अंधार म्हणायचा हो." पोरं फिदीफिदी हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसापासून माझे हात शिवशिवायला लागले. जेवताना, आंघोळ करताना, आखाड्यात माती उकरताना, सारखं तेच. एक हिसका. एकच. पोरगी रडली तर रडली, पण मान सरळ. जीव थाऱ्यावर नव्हता माझा.

एका दुपारी तेल कोमट केलं. प्राजक्ता कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. माझा पोरगा रणधीर फौंड्रीत, कामावर. मी पोरीला मांडीवर घेतलं. एक तळवा हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागं. तिला वाटलं आबा खेळतोय. हसली. तेवढ्यात दारातनं आवाज आला, "मामा, हात काढा."

प्राजक्ता उभी होती. ओला पिळा हातात, पाणी टपटप फरशीवर. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि तिथंच संपलं असतं. लग्न होऊन घरात आल्यापासून या पोरीनं माझ्यासमोर कधी शब्द मोठा केला नव्हता. ती म्हणाली, "तुम्ही तिची मान ओढलीत, तर मी तिला घेऊन इस्लामपूरला जाईन. माहेरी. आणि परत येणार नाही. मी धमकी देत नाही मामा, सांगतेय."

मी हात काढले. पण माझाही ताठा होता. म्हटलं, ती कोल्हापूरची बाई काय करते ते मला एकदा बघायचंय. भोंदूपणा निघाला तर मग माझा हात लागणार, आणि तू आडवी यायचं नाही. प्राजक्तानं ओला पिळा खांद्यावर टाकला. "आधी बघा तर," एवढंच म्हणाली. हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. रणधीरनं रात्री दोघांचं ऐकून घेतलं, ताट पुढं ओढलं आणि जेवून झोपला. कामगार माणूस, दोन्हीकडून मार खायला नको म्हणून.

तर असं हे. म्हणून मी त्या खुर्चीवर बसलो होतो, आणि बाईंची बोटं हलत नव्हती.

एकदा पोरगी जरा कण्हली. तर बाईंनी चटकन हात काढून घेतले. नुसत्या बसल्या. पोरीनं जांभई दिली, पाय झाडले, पंख्याकडं बघितलं, मगच परत हात लावला. "तिला नको असलं की आपण थांबायचं," प्राजक्ताला म्हणाल्या.

मला राहवलं नाही. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो. समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, घुंगरांचा आवाज. परत आत आलो. परत बाहेर गेलो. बाहेर बाकावर एक बाई आपलं बाळ घेऊन बसली होती, तिनं विचारलं, "आजोबा, आत काही झालंय का?" म्हटलं, तेच तर, काहीच झालेलं नाही. तिला वाटलं मी तिला धीर देतोय.

तिसऱ्यांदा आत आलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आबा, बसा ना."

"मला बसवत नाही."

"ते दिसतंय. हाताला काहीतरी काम हवंय तुम्हाला. इकडं या, माझ्याशेजारी."

मी गादीशेजारी बसलो. गुडघे कुरकुरले. बाईंनी माझा उजवा हात घेतला, उलटसुलट करून बघितला, कुस्तीगीर का म्हणून विचारलं. मी वस्ताद म्हटलं. त्यांना आनंद झाल्यासारखं दिसलं. मग माझं पहिलं बोट त्यांनी पोरीच्या मानेच्या डाव्या बाजूला नेलं, कानाखालून जरा पुढं, आणि म्हणाल्या, "दाबायचं नाही. नुसतं ठेवा."

मी ठेवलं. आणि लागली मला. चिंचोक्याएवढी बारीक गाठ, मांसात. या हातांना असल्या गाठी हजारदा लागलेल्या, पोटरीत, पाठीत, खांद्यात. मी लगेच ओळखली.

"हीच ती," मी म्हटलं. "बाई, एका झटक्यात सुटंल. मी देतो."

प्राजक्ता पुढं सरकली. बाईंनी तिला हातानंच थांबवलं. मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आबा, तुमच्या पैलवानाची मान केवढी असते?"

मी दोन्ही हातांचा वेढा करून दाखवला, तरी पुरला नाही.

"आणि ही?"

मी खाली बघितलं. रोज बघत होतो, पण बघितली त्या वेळी. माझा अंगठा तिच्या मानेशेजारी होता. दोन अंगठे जोडले की झाली तिची मान. त्या दुपारी घरी मी जे दोन तळवे लावले होते, त्यात तिचं सगळं डोकं मावलं होतं, लिंबू मावावं तसं.

"इथं झटका दिला तर गाठ सुटणार नाही," बाई म्हणाल्या. "दुसरंच काहीतरी सुटेल."

मी बोट काढून घेतलं. प्राजक्ताकडं बघायची हिंमत झाली नाही. कुस्तीत चीतपट झाल्यावर निदान शड्डू ठोकणारा समोर असतो. इथं कुणी शड्डू ठोकत नव्हतं. बाई पोरीचं झबलं सारखं करत होत्या.

पण माझी खोडी काही सहजासहजी जात नाही. म्हटलं, "मग तुम्ही इतका वेळ काय करत होता?"

"ऐकत होते."

"हातानं?"

"हातानं," त्या म्हणाल्या. "कुठं घट्ट आहे, कुठं सैल आहे, कुठं तिला बरं वाटतंय. ते कळलं की तेवढ्यापुरता आधार द्यायचा. सोडायचं तिचं तीच सोडते. वेळ लागतो."

मी मनात म्हटलं, हातानं ऐकणारी माणसं आता आणखी निघाली. जिभेला त्या दिवशी पहिल्यांदा लगाम बसला होता.

मग त्यांनी प्राजक्ताला एकेक विचारलं. पोटात कशी होती, बाळंतपणाला किती वेळ लागला, पाजताना कुठल्या कुशीवर घेते, पाळण्यात डोकं कुठं असतं. प्राजक्ता सगळं नीट सांगत होती. दोन्ही अंगांना पाजते, पाळण्याचं तोंड आलटून पालटून फिरवते, डॉक्टरांनी सांगितल्यापासून उजवीकडची खिडकीसुद्धा झाकलीय. बाई विचारात पडल्या.

"आणि दिवसभर घेतं कोण तिला?"

"मामाच," प्राजक्ता म्हणाली. "तिला पाळणा आवडतच नाही. जन्मल्यापासून पोटात गुबारा धरायचा, रडून रडून निळी व्हायची. मामांनी खांद्यावर घेतली की गप्प. सकाळी तालमीतून आले की जेवेपर्यंत, आणि दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत त्यांच्याच खांद्यावर असते. तिथंच झोपते."

"दाखवा बघू," बाई मला म्हणाल्या.

यात काय दाखवायचं? मी उठलो, पोरीला उचललं, खांद्यावर टाकलं. उजव्या. तिनं गाल टेकला, नाक माझ्या गळ्यात खुपसलं, एक सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले. माझेही पाय आपोआप चालायला लागले, भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत. इतक्या वेळात पहिल्यांदा माझी चुळबुळ थांबली.

बाई उठून माझ्या पाठीमागं आल्या. पोरीचं तोंड बघितलं, माझं तोंड बघितलं.

"नेहमी याच खांद्यावर?"

"नेहमी."

"डाव्यावर घेऊन दाखवा."

"नको," मी म्हटलं.

ते इतक्या झटकन तोंडातनं निघालं की माझं मलाच नवल वाटलं. बाईंनी प्राजक्ताकडं बघितलं. प्राजक्ता माझ्याकडं बघत होती.

बाईंनी मग सावकाश समजावलं. ही तुमच्याकडं तोंड करून झोपते आबा, तिला तुमचा गळा लागतो. उजव्या खांद्यावर असली की तुमचा गळा तिच्या उजव्या हाताला येतो. गाठ तिला जन्मतःच होती, त्यात कुणाचा दोष नाही. पण तिला आवडणारी जागा रोज उजवीकडंच मिळाली, मग ती डावीकडं कशाला वळेल? डाव्या खांद्यावर घेतलंत तर गळ्यासाठी तिला डावीकडं वळावं लागेल. पहिले काही दिवस कुरकुर करेल. मग वळेल, स्वतःहून. "मी आठवड्यातून एकदा हात लावणार, तोही थोडा वेळ. तुमच्याकडं ती दिवसभर असते. खरं औषध तुमचा खांदा आहे."

दुसऱ्या कुठल्या आजोबाची छाती फुगली असती. मी पोरीला उजव्या खांद्यावर आणखी घट्ट धरलं. मी म्हटलं, मला त्या अंगाला ऐकू येत नाही. बाईंनी कानाकडं बघितलं. दोन्ही कान मोडलेले आहेत माझे, पैलवानाचे असतात तसे, पण डाव्याच्या आतलंही गेलंय. ऐन उमेदीत, एका मैदानात समोरच्याची थाप कानावर बसली, पडदा फाटला. तेव्हापासून तिकडून ढोल वाजला तर कळतो, कुजबुज नाही.

"तिला कुठं तुम्हाला काही सांगायचंय अजून," बाई हसून म्हणाल्या. "नुसती झोपायचीय."

"झोपते म्हणूनच," मी म्हटलं.

आणि मग ते बाहेर आलं. कुणाला सांगितलं नव्हतं. रणधीरलासुद्धा नाही. पोरीला खांद्यावर घेऊन उभा होतो, तिचा श्वास उजव्या कानात येत होता, बारीक, सुऽऽ सुऽऽ, आणि मी त्या परक्या बाईंना सांगत होतो.

"माझं माणूस या डाव्या अंगालाच झोपायचं," मी म्हटलं. "शेवंता. गेल्या श्रावणात गेली. झोपेतच गेली असं सगळे म्हणतात, सुटली म्हणतात. पण डॉक्टर म्हणाला होता, घरघर लागली असणार, थोडा वेळ तरी. मी हातभर अंतरावर होतो, बाई. मला काही ऐकू आलं नाही. उजाडलं, चहा का देईना म्हणून हाक मारली, तेव्हा बघितलं. म्हणून हिला मी या अंगाला घेतो. झोपली तरी श्वास ऐकू येतो. थांबला तर कळंल."

बाहेर गुऱ्हाळाची घुंगरं वाजत होती. प्राजक्ता सासूबाई गेल्या तेव्हा घरातच होती, पोटुशी होती, सगळं तिनंच केलं होतं. पण हे तिला माहीत नव्हतं. तिनं पदर तोंडाशी धरला. मी भिंतीवरचा ससा बघत राहिलो.

डॉक्टरीणबाई जवळ आल्या. माझा डावा हात रिकामा लोंबत होता, तो त्यांनी उचलला आणि पोरीच्या पाठीवर ठेवला. म्हणाल्या, "आबा, श्वास कानानंच ऐकावा लागतो असं नाही. हात ठेवा. वजन टाकू नका तिच्यावर, वजन तुमच्याकडंच राहू दे. आणखी हलका. आणखी."

या हाताला हलकं होणं माहीतच नव्हतं. मनगटात कळ आली, इतकं ते अवघड. हळूहळू हात नुसता टेकला. आधी काहीच नाही. मग तळव्याखाली काहीतरी वर आलं आणि खाली गेलं. परत वर आलं. माझा तळवा आणि तिची पाठ, एवढीच काय ती जागा, आणि त्यात तिचा सगळा जीव वरखाली होत होता.

"आलं?" बाईंनी विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

मग प्राजक्ता पुढं आली. डोळे पुसले आणि तिनं पोरीला माझ्या उजव्या खांद्यावरून उचललं आणि डाव्यावर ठेवलं. स्वतःच्या हातानं. पोरगी जागी झाली, नाक घेऊन नेहमीच्या बाजूला शोधायला लागली, तिथं गळा नव्हता. भोकाड पसरलं. मी तसाच चालत राहिलो, हात पाठीवर. रडणं मला लांबून, विहिरीतनं आल्यासारखं ऐकू येत होतं. कोल्हापूर ते वडगाव सगळी एसटी आमच्याकडं बघत होती.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. पोरगी डाव्या खांद्यावर कुरकुरायची, मी अंगणात फेऱ्या मारायचो. ती गप्प झाली की माझा जीव खालीवर. झोपली का काय झालं? थांबायचं, हात ठेवायचा, वाट बघायची. वर, खाली. चला. चार पावलं गेलो की परत शंका. परत थांबायचं. मारुती आमच्या ओट्यावर बसून बघायचा आणि म्हणायचा, "वस्ताद, एसटीगत दर थांब्याला थांबतोस की." म्हटलं, तू गप. तुझी नात असती तर कळलं असतं.

तालमीतली पोरंही कुरबुरायला लागली. वस्ताद, हाताला पहिला जोर राहिला नाही, नुसतं कुरवाळता. मी एकाला असा रगडला की महिनाभर कुणी तक्रार केली नाही. पण हिसका देण्याआधी मी आता हात जरा वेळ ठेवायला लागलो होतो. का ठेवतो ते पोरांना सांगितलं नाही.

दर आठवड्याला कोल्हापूर. बाई हात ठेवायच्या, मी शेजारी बसायचो, आता खुर्ची मागत नव्हतो. गाठ चिंचोक्याची हरभऱ्याएवढी झाली, मग मुगाएवढी. पोरगी आधी नाक नुसतं इकडून तिकडं न्यायची, मग एके दिवशी डाव्या खांद्यावर गळा सापडला तिला. सापडला म्हणजे असा सापडला की लाळेनं माझा शर्ट भिजवून टाकला. मी चालत चालत स्वयंपाकघरात गेलो, प्राजक्ताला नुसती पाठ दाखवली. तिनं बघितलं आणि परातीतलं पीठ तसंच सोडून भिंतीला टेकून उभी राहिली.

एक मात्र झालं. पोरगी बोलायला लागली. म्हणजे अग्गू, बुर्र, हुं, असलं काहीतरी. सगळं त्या खांद्यावरून, सगळं डाव्या कानात. प्राजक्ता हसायची, रणधीर हसायचा, मारुतीसुद्धा हसायचा. मी विचारायचो, काय म्हणाली? "काही नाही, तुमच्याशी गप्पा मारतेय," प्राजक्ता सांगायची. मला वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार वाटायचं. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, चालायला लागेपर्यंत खांदा बदलायचा नाही. आणि मान रोज थोडी थोडी सरळ होत होती, हे मला दिसत होतं. डोळे तर दोन्ही शाबूत आहेत.

दिवाळी होऊन गेली होती. दुपार. प्राजक्ता पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी अंगणात फेऱ्या मारत होतो, पोरगी खांद्यावर. पलीकडं कुणाच्या तरी शेतात ट्रॅक्टर चालू होता, त्याची घरघर उजव्या कानात. एकदम प्राजक्ताचा हात थांबला. शेंगा मांडीवरून खाली सांडल्या.

"मामा, थांबा."

मनात एकदम दोनच गोष्टी आल्या. म्हटलं, मान. म्हटलं, श्वास. हात पाठीवर होताच, तो सगळं ठीक असल्याचं सांगत होता.

"काय झालं?"

"ती तुम्हाला हाक मारतेय."

"कोण?"

"कोण म्हणजे? मघापासून मारतेय. तुम्ही आपले चालताय." ती पायरीवरून उठली. "आबा म्हणतेय, मामा. आबा, आबा."

मी उभा राहिलो. माझी नात माझ्या कानात मला हाक मारत होती, आणि मी ट्रॅक्टर ऐकत होतो. उजवा हात तिला उचलायला वर गेला. एका खांद्यावरून दुसऱ्यावर, केवढा वेळ लागतो? एकदाच ऐकायचं होतं. प्राजक्ता बघत होती. मला दिसलं, ती मला अडवणार नव्हती.

तेवढ्यात पोरीनं मान वळवली. डावीकडं, पूर्ण, कुणी न वळवता. नाक माझ्या गळ्याला लागलं. मी उजवा हात खाली घेतला.

"परत म्हण की बायडे," मी म्हटलं, आणि डावा तळवा तिच्या पाठीवर हलका केला. वजन माझ्याकडं. आणखी हलका. आणखी.

आणि आलं. श्वासापेक्षा वेगळं. एक लांब थरथर, मग एक छोटा धक्का. परत तसंच. लांब, मग धक्का.

"म्हणाली," प्राजक्ता म्हणाली.

"कळलं," मी म्हटलं. आणि मग मला अंगणात, भर दुपारी, सुनेच्या देखत रडू आलं, ते मी थांबवलं नाही.

आता ती नववीत आहे. खो-खो खेळते. मान ताठ आहे, बापाशी बोलताना जरा जास्तच ताठ असते. संध्याकाळी माझ्याबरोबर तालमीपर्यंत चालत येते आणि लहानपणीच्या सवयीनं कायम डाव्या अंगालाच चालते. मास्तर, मैत्रिणी, कुणाचं काय झालं, सगळं त्या मेलेल्या कानात ओतत असते. मी तिच्या पाठीवर हात ठेवतो आणि हूं हूं करत चालतो. उजवीकडं ये, असं मी तिला अजून सांगितलेलं नाही.